वन पीसची शीर्षकगीतं आणि साउंडट्रॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वन पीस ही समुद्री चाच्यांची जपानी ॲनिमे मालिका. ती २० ऑक्टोबर १९९९ रोजी जपानच्या फुजी टीव्हीवर सुरू झाली आणि अजून चालू आहे. एवढ्या वर्षांत गाणी साठली, त्याच गाण्यांच्या आवृत्त्या साठल्या, सीड्या साठल्या आणि गोंधळही साठला. बहुतेक प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी अडतं: आपल्याला हवं ते गाणं नेमकं कोणाच्या आवाजातलं, किती लांबीचं आणि कोणत्या वर्षाचं आहे. या तीन गोष्टी आधी ठरवल्या की शोध सोपा होतो.

आतापर्यंत किती ओपनिंग (भागाच्या सुरुवातीची शीर्षकगीतं) झाली?

जानेवारी २०२४ मध्ये एगहेड पर्वासोबत आलेलं हिरोशी किताडानीचं ‘आस्स!’ हे २६वं. एप्रिल २०२५ मध्ये ग्रीन बॉइझचं ‘तेन्शी तो आकुमा’ २७वं म्हणून आलं आणि त्यानंतर एलेगार्डनचं ‘कार्माइन’. वेगवेगळ्या याद्यांमध्ये आकडा जुळत नाही याचं कारण म्हणजे मधली खास ओपनिंग. ‘फिल्म रेड’ हा चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास, १०३० च्या आसपासच्या काही भागांना त्यातलं ‘शिनजिदाइ’ लावलं होतं. १००० व्या भागाला, २१ नोव्हेंबर २०२१ रोजी, मूळ ‘वी आर!’ नव्याने काढलेल्या चित्रांसह वाजलं. या दोन्हींना सहसा क्रमांक देत नाहीत. कोणी दिला, तर पुढचे सगळे आकडे सरकतात. म्हणून कोणाला गाणं सांगताना ‘विसावं ओपनिंग’ एवढ्यावर थांबू नका, नाव आणि गायक सांगा.

भागाचा क्रमांक माहीत आहे, गाण्याचं नाव माहीत नाही. कसं शोधायचं?

खालचे टप्पे मूळ जपानी प्रक्षेपणाचे आहेत.

भाग १ ते ४७ ‘वी आर!’, हिरोशी किताडानी. ४८ ते ११५ ‘बिलीव्ह’, फोल्डर फाइव्ह. ११६ ते १६८ ‘हिकारी ए’, द बेबीस्टार्स. १६९ ते २०६ ‘बोन व्होयाज!’, बोन-बोन ब्लँको. २०७ ते २६३ ‘कोकोरो नो चिझू’, बॉयस्टाइल. २६४ ते २७८ ‘ब्रँड न्यू वर्ल्ड’, डी-५१.

२७९ ते २८३ या जेमतेम पाच भागांना मालिकेतल्या सात मुख्य खलाशांच्या आवाजातलं ‘वी आर!’. मग २८४ ते ३२५ ‘क्रेझी रेनबो’, ताक्की अँड त्सुबासा. ३२६ ते ३७२ ‘जंगल पी’, फाइव्ह ओ फाइव्ह ओ. ३७३ ते ३९४ पुन्हा ‘वी आर!’, या वेळी तोहोशिंकी. ३९५ ते ४२५ ‘शेअर द वर्ल्ड’, तेच गायक. ४२६ ते ४५८ ‘काझे ओ सागाशिते’, मारी यागुची. ४५९ ते ४९२ ‘वन डे’, द रूटलेस. ४९३ ते ५१६ ‘फाइट टुगेदर’, नामिए आमुरो.

मालिकेच्या कथेतच मध्ये दोन वर्षं जातात; त्यानंतरची कथा ५१७ पासून ‘वी गो!’ने सुरू होते. त्यापुढे क्रमाने ‘हँड्स अप!’ ५९१ पासून, ‘वेक अप!’ ६२९ पासून, ‘हार्ड नॉक डेज’ ६८७ पासून, ‘वी कॅन!’ ७४७ पासून, ‘होप’ ८०७ पासून, ‘सुपर पॉवर्स’ ८५६ पासून, वानो पर्वासोबत ‘ओव्हर द टॉप’ ८९२ पासून, ‘ड्रीमिन ऑन’ ९३५ पासून, ‘पेंट’ १००५ पासून आणि ‘साइको तोतात्सुतेन’ १०७४ पासून.

एक इशारा. भागाच्या क्रमाने पहिल्यांदाच मालिका बघत असाल तर नवीन ओपनिंगची चित्रं टाळा आणि फक्त गाणं ऐका. पुढच्या पर्वातले शत्रू, नवे सोबती, कधी कधी अख्खी लढाई त्यात आधीच दिसते.

एंडिंग (भागाच्या शेवटची) गाणी मध्येच गायब का झाली?

सुरुवातीची १८ एंडिंग माकी ओत्सुकीच्या ‘मेमरीज’पासून (भाग १ ते ३०) डेलिकेटेसनच्या ‘ॲडव्हेंचर वर्ल्ड’पर्यंत (२६४ ते २७८) आहेत. २००६ मध्ये मालिका संध्याकाळच्या वेळेवरून रविवारी सकाळी साडेनऊला गेली. त्याच सुमारास वेगळं एंडिंग बंद झालं, श्रेयनामावली ओपनिंगवर आली आणि ओपनिंग लांबून सुमारे अडीच मिनिटांचं झालं. आधीची ओपनिंग दीड ते दोन मिनिटांत संपायची.

हा बदल मालिकेला महागात पडला असं आमचं स्पष्ट मत आहे. एखादा जड भाग संपल्यावर ‘मेमरीज’ किंवा जान दा आर्कचं ‘शायनिंग रे’ जी थोडी उसंत द्यायचं, ती पुढे सतरा वर्षं मिळाली नाही. ६ ऑगस्ट २०२३ च्या १०७१ व्या भागापासून चिली बीन्सच्या ‘रेझ’ने एंडिंग परत आलं. त्यापाठोपाठ १०८९ पासून ‘डिअर सनराइझ’ आलं, आणि ते गायला पहिल्या एंडिंगची गायिका माकी ओत्सुकीच परत आली. जुन्या प्रेक्षकांनी ‘मेमरीज’ आणि ‘डिअर सनराइझ’ लागोपाठ ऐकावीतच.

‘वी आर!’ नेमकं कोणतं ऐकायचं? दहा प्रकार दिसतात.

मूळ गाण्याचे शब्द शोको फुजिबायाशीचे, संगीत कोहेइ तानाकाचं, आवाज हिरोशी किताडानीचा, साल १९९९. हे सोडून मालिकेत क्रमांक मिळालेल्या आणखी दोन आवृत्त्या आहेत. एक सात खलाशांची, म्हणजे लुफी, झोरो, नामी, उसोप, सांजी, चॉपर आणि रॉबिन यांना आवाज देणाऱ्या कलाकारांनी गायलेली. दुसरी तोहोशिंकीची, २००९ मध्ये ‘शेअर द वर्ल्ड’सोबत एकाच सिंगलवर आलेली. याशिवाय वर्धापनाच्या आणि वाद्यवृंदाच्या आवृत्त्या निघाल्या, आणि चाहत्यांनी केलेली कव्हर्स तर मोजता येणार नाहीत.

टीव्हीवर गाण्याच्या सुरुवातीला समुद्री चाच्यांचा राजा गोल्ड रॉजर याच्याबद्दलचं निवेदन ऐकू येतं. तुमच्या फाइलमध्ये ते नसेल तर फाइल चुकीची आहे असं लगेच समजू नका. निवेदन हा मालिकेचा भाग आहे, गाण्याच्या शब्दांचा नाही. ओळख पटवायची तर गायकाचं नाव बघा.

किताडानीने नंतर ‘वी गो!’, किशिदानसोबत ‘वी कॅन!’, ‘ओव्हर द टॉप’ आणि ‘आस्स!’ गायलं. मोठ्या पर्वाच्या तोंडावर निर्माते पुन्हा पुन्हा याच आवाजाकडे वळतात, आणि ते बरोबर करतात.

टीव्ही साइझ आणि फुल व्हर्जन यांत फरक काय?

टीव्ही साइझ म्हणजे मालिकेत वाजतं तेवढं, दीड ते अडीच मिनिटांचं. फुल व्हर्जन म्हणजे सिंगलवरचं पूर्ण गाणं, बहुतेक वेळा साडेतीन ते पाच मिनिटांचं. टीव्ही साइझ हा नेहमीच पूर्ण गाण्याचा पहिला तुकडा नसतो. कधी पहिल्या कडव्यानंतर थेट शेवटचं ध्रुवपद जोडतात, कधी वाद्यांचा भाग छाटतात. त्यामुळे फुल व्हर्जन कापून रिंगटोन केली की ओळखीचं वळण सापडत नाही. रिंगटोनसाठी टीव्ही साइझच घ्या. शीर्षकगीतांच्या काही संग्रहांत टीव्ही साइझ असतो आणि काहींत फुल, म्हणून मागणी नोंदवण्याआधी प्रत्येक गाण्याची लांबी वाचा.

स्ट्रीमिंगवर गाणं सापडत नाही किंवा भलत्याच गायकाचं लागतं. काय करू?

रोमन अक्षरांत शोधलं की कव्हर्स वर येतात, कारण कव्हर करणारे मुद्दाम इंग्रजी नाव, मालिकेचं नाव आणि ओपनिंगचा क्रमांक शीर्षकात घालतात. मूळ सिंगलच्या शीर्षकात बहुधा ‘वन पीस’ हा शब्दही नसतो. म्हणून असं करा:

१. जपानी विकिपीडियावर मालिकेच्या पानावरून गाण्याचं आणि गायकाचं जपानी लिपीतलं नाव कॉपी करा आणि तेच शोधचौकटीत डकवा.
२. गाण्याऐवजी आधी गायकाचं पान उघडा आणि त्याच्या सिंगल्समध्ये साल बघून शोधा. तोहोशिंकीच्या बाबतीत हे विशेष लागू आहे. भारतात हा गट टीव्हीएक्सक्यू म्हणून माहीत आहे, पण जपानी सिंगल्स तोहोशिंकीच्या चिनी-जपानी अक्षरांखाली असतात.
३. लांबी तपासा. दीड मिनिटाचं ‘फुल’ गाणं किंवा नुसता पियानो असेल तर सोडून द्या.
४. तळाशी हक्कधारकाचं नाव बघा. बहुतेक ओपनिंगचे गायक एवेक्स या जपानी संगीत कंपनीचे आहेत. तिथे अनोळखी ‘ॲनिमे कव्हर’ छापाचं लेबल दिसलं तर ते मूळ नव्हे.

गाणं यादीत राखाडी रंगात दिसत असेल तर ते सेवेवर आहे, पण भारतासाठी परवाना नाही. ॲप पुन्हा टाकून उपयोग होत नाही. त्याच गाण्याची दुसऱ्या संग्रहातली नोंद कधी कधी वाजते, ती शोधा.

‘फाइट टुगेदर’ आणि ‘होप’ माझ्या प्लेलिस्टमधून का गेली?

नामिए आमुरो १६ सप्टेंबर २०१८ रोजी निवृत्त झाली आणि २०२३ च्या अखेरीस तिची गाणी स्ट्रीमिंग सेवांवरून काढली गेली. खात्रीचा मार्ग सीडीचा. ‘फाइट टुगेदर’ २०११ च्या ‘नेकेड’सोबतच्या सिंगलवर आणि २०१२ च्या ‘अनकंट्रोल्ड’ अल्बमवर आहे. ‘होप’ २०१७ च्या ‘फायनली’ या तीन सीडींच्या संचात आहे. ‘फायनली’ जपानमध्ये प्रचंड खपला, त्यामुळे जुन्या सीड्यांच्या बाजारात तो अगदी स्वस्तात मिळतो.

पार्श्वसंगीत कोणाचं? आणि मला हवा असलेला तुकडा कुठल्याच अल्बममध्ये का नाही?

मालिकेच्या पार्श्वसंगीताची मुख्य नावं दोन: कोहेइ तानाका आणि शिरो हामागुची. ‘वी आर!’ची चालही तानाकाचीच, म्हणून लढाईच्या ऐन भरात त्या चालीचे तुकडे पार्श्वसंगीतात ऐकू येतात.

तुकडा न सापडण्यामागे काम करण्याची पद्धत आहे. टीव्ही मालिकेचं संगीत दर आठवड्याच्या भागासाठी नव्याने रचत नाहीत. ‘ताण’, ‘निरोप’, ‘शत्रूचं आगमन’ अशा मागणीप्रमाणे बरेच तुकडे एकदम ध्वनिमुद्रित होतात, प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि ध्वनी-दिग्दर्शक भागानुसार त्यांतून निवड करतो. अल्बम निघतो तेव्हा त्या साठ्यातले निवडक तुकडेच घेतात. उरलेले वर्षानुवर्षं मालिकेत वाजतात आणि विकायला कधीच येत नाहीत. चित्रपटांसाठी केलेले तुकडेही नंतर मालिकेत वापरले जातात. म्हणून मालिकेच्या अल्बममध्ये सापडलं नाही तर त्याच काळातल्या चित्रपटाचा साउंडट्रॅक तपासा. बरेचसे ‘हरवलेले’ तुकडे तिथेच असतात.

गाणं ओळखणारी ॲप्स इथे फारशी चालत नाहीत. संवाद आणि तलवारींचे आवाज वर असतात, शिवाय एकाच चालीची चार-पाच वेगवेगळी वाद्ययोजना असते. संवाद नसलेले दहा-पंधरा सेकंद शोधून तेवढेच ऐकवा.

‘बिंक्सची दारू’ हे गाणं मालिकेचं की खरं जुनं खलाशी गाणं?

मालिकेचंच. शब्द खुद्द मूळ मांगाकार (चित्रकथाकार) इइचिरो ओदाचे आणि चाल कोहेइ तानाकाची. थ्रिलर बार्क पर्वात ब्रूक या संगीतकार खलाशाच्या भूतकाळाच्या भागांत, ३७८ च्या आसपास, ते पूर्ण परिणामासह येतं. एकेक आवाज गळत जातो आणि शेवटी एकटा ब्रूक उरतो. अल्बमवरची समूहगानाची आवृत्ती छान आहे, पण हा परिणाम त्या भागातच मिळतो. ‘फिल्म रेड’च्या अल्बममध्ये याच गाण्याची, त्या चित्रपटातल्या उटा या पात्राच्या आवाजातली संथ आवृत्ती आहे.

खलाशांच्या मेरी या जहाजाच्या निरोपाच्या वेळी वाजतं ते कोणतं गाणं?

ट्रिपलेनचं ‘डिअर फ्रेंड्स’, भाग ३१२. त्याआधी ते २४६ ते २५५ या भागांचं एंडिंग होतं.

‘फिल्म रेड’ची गाणी आदोची की उटाची?

दोन्ही. उटा हे पात्र. तिचे संवाद काओरी नाझुकाचे आणि गाणी आदो या गायिकेची. ‘उटाज साँग्ज’ हा अल्बम १० ऑगस्ट २०२२ रोजी निघाला, चित्रपटानंतर चार दिवसांनी. त्यात चित्रपटाची सात गाणी आणि ‘बिंक्सची दारू’ अशी आठ गाणी आहेत. सात गाणी सात वेगळ्या संगीतकारांची: ‘शिनजिदाइ’ यासुताका नाकाताचं, ‘वाताशी वा साइक्यो’ मिसेस ग्रीन ॲपलचं, ‘ग्याक्को’ वाउंडीचं, ‘उताकाता लल्लबाय’ फेक टाइपचं, ‘टॉट म्युझिका’ हिरोयुकी सावानोचं, ‘सेकाइ नो त्सुझुकी’ युता ओरिसाकाचं आणि ‘काझे नो युकुए’ मोतोहिरो हाताचं. एकाच गळ्यातून सात तऱ्हेचं संगीत काढण्याचा हा प्रयोग वन पीसच्या संगीतात सगळ्यात धाडसी आहे. ‘शिनजिदाइ’ ॲपल म्युझिकच्या जागतिक यादीत पहिलं आलं. तिथवर पोचलेलं ते पहिलं जपानी गाणं.

खरेदी करताना लक्षात ठेवा, पार्श्वसंगीताची सीडी वेगळी आहे. गाण्यांच्या अल्बममध्ये ते मिळणार नाही.

बाकीच्या चित्रपटांची गाणी?

‘स्ट्राँग वर्ल्ड’ (२००९) मिस्टर चिल्ड्रन. ‘झेड’ (२०१२) ॲव्हरिल लव्हीन. ‘गोल्ड’ (२०१६) ग्लिम स्पँकी. ‘स्टॅम्पीड’ (२०१९) वानिमा. ही सगळी त्या त्या गायकांच्या नावाखाली शोधा, चित्रपटाच्या साउंडट्रॅकमध्ये ती असतीलच असं नाही. नेटफ्लिक्सच्या २०२३ च्या मालिकेचं संगीत सोन्या बेलोसोवा आणि जोना ओस्तिनेल्ली यांचं आहे.

जपानहून सीडी मागवायची आहे. काय बघू?

आधी कॅटलॉग क्रमांक. तो सीडीच्या कण्यावर छापलेला असतो, एवेक्सच्या बाबतीत ‘एव्हीसीडी’ किंवा ‘एव्हीसीए’सारख्या अक्षरांनी सुरू होतो. त्याच सिंगलची साधी आवृत्ती, डीव्हीडीसहची आवृत्ती आणि मालिकेचं चित्र असलेली मर्यादित आवृत्ती यांचे क्रमांक वेगळे असतात आणि कधी कधी गाणीही. दुकानाच्या पानावरचं चित्र चुकू शकतं, क्रमांक सहसा चुकत नाही.

नवीन माल सीडीजपानसारख्या दुकानांतून थेट मागवता येतो. जुना माल सुरुगाया किंवा लिलावाच्या साइटवर असतो आणि बरेच विक्रेते जपानबाहेर पाठवत नाहीत. अशा वेळी झेनमार्केट किंवा बायीसारखे मध्यस्थ लागतात. खर्च चार ठिकाणी होतो: सीडीची किंमत, मध्यस्थाचं शुल्क, जपानमधला टपालखर्च आणि भारतापर्यंतचा टपालखर्च. एकट्या सिंगलला हा खर्च सीडीपेक्षा जास्त पडतो, म्हणून चार-पाच सीड्या गोदामात जमवून एकत्र मागवा. भारतात सीमाशुल्क आणि आयजीएसटी लागू शकतो. कुरिअरने मागवलं तर केवायसीची कागदपत्रं मागतात आणि कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं असतं. टपालाने आलं तर शुल्क पोस्टमन दारात घेतो, सुटे पैसे तयार ठेवा.

वापरलेल्या सीडीत कागदी कमरपट्टा, म्हणजे ओबी, आहे का ते वर्णनात वाचा. ऐकणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण पुढे विकायची झाली तर पडतो.

सीडी आली, पण वाजत नाही. का?

तीन कारणं नेहमीची. एक, १९९० च्या दशकातली जपानी सिंगल्स ८ सेंटिमीटरच्या छोट्या सीडीवर येत. ती गाडीच्या किंवा लॅपटॉपच्या फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकते. ट्रे असलेल्या ड्राइव्हच्या आतल्या छोट्या खाचेत ती व्यवस्थित बसते.

दोन, एवेक्सने २००२ पासून काही वर्षं कॉपी-नियंत्रित सीड्या काढल्या. वेष्टनावर तसं चिन्ह असतं. काही प्लेयरमध्ये त्या अडखळतात, संगणकावर तर हमखास. त्या काळातलं गाणं हवं असेल तर सिंगलऐवजी नंतरचा, साध्या सीडीवर निघालेला शीर्षकगीत-संग्रह घ्या.

तीन, सोबतची डीव्हीडी. ऑडिओ सीडीला प्रदेशाचं बंधन नसतं, पण जपानी डीव्हीडी प्रदेश २ ची असते आणि भारतातले प्लेयर प्रदेश ५ चे. ब्लू-रेमध्ये जपान ‘ए’ आणि भारत ‘सी’.

फाइलमध्ये गाण्यांची नावं चित्रविचित्र अक्षरांत दिसतात.

जुन्या फाइलींतली नावं शिफ्ट-जेआयएस या जपानी संकेतनात असतात आणि प्लेयर ती वेगळ्याच संकेतनात वाचतो. एमपीथ्रीटॅग या संगणक-प्रोग्राममध्ये फाइली निवडून कोडपेज बदलण्याचा पर्याय घ्या, जपानी निवडा आणि जतन करा. आधी एका फाइलवर करून बघा, कारण चुकीचं कोडपेज जतन झालं की मूळ नाव परत मिळत नाही. स्वतःच्या सीडीवरून फाइली करत असाल तर फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवा, आणि संग्रहाच्या सीडीला ‘अल्बम आर्टिस्ट’च्या रकान्यात एकच नाव द्या. नाहीतर एका अल्बमचे फोनवर वीस अल्बम होतात.

हिंदी डबमध्ये गाणी हिंदीत आहेत का? मराठीत?

२०२४ मध्ये कार्टून नेटवर्कने भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगू डब सुरू केला, त्यात मराठी नव्हती. गाण्यासाठी मूळ जपानीच ऐका. अमेरिकेत २००४ मध्ये फोरकिड्स या डब करणाऱ्या कंपनीने मूळ ओपनिंग काढून रॅप लावलं होतं. जुन्या क्लिपमध्ये ते ऐकून हेच पहिलं ओपनिंग असा समज होतो, तो चूक आहे.

कॉलेजच्या कार्यक्रमात किंवा यूट्यूब व्हिडिओत ही गाणी वापरता येतील का?

व्यासपीठावर ध्वनिमुद्रण वाजवायचं असेल तर आयोजकांनी पीपीएल आणि आयपीआरएस या संस्थांकडे कार्यक्रमाआधी परवान्याची चौकशी करावी. स्वतः गाणार असाल तर सिंगलच्या शेवटी असणारा ‘इन्स्ट्रुमेंटल’ किंवा ‘ऑफ व्होकल’ ट्रॅक घ्या. संगणकाने आवाज पुसलेल्या फाइलीपेक्षा तो कितीतरी स्वच्छ असतो, आणि कोरसचे आवाज त्यात बहुधा तसेच राहतात. यूट्यूबवर कंटेंट आयडी ही स्वयंचलित तपासणी काही सेकंदांतही गाणं ओळखते. कधी कमाई हक्कधारकाकडे जाते, कधी व्हिडिओ काही देशांत दिसत नाही. ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असं खाली लिहून काही बदलत नाही. व्हिडिओ सार्वजनिक करण्याआधी खाजगी ठेवून अपलोड करा, तपासणी पूर्ण होऊ द्या, आणि दावा आला तर तेवढा तुकडा काढून मगच प्रसिद्ध करा.